अण्णांचा आवाज भरायचा राहिला

कॅमेऱ्यातलं आपल्याला जेवढं कळतं तेवढं अख्ख्या संभाजीनगरात कुणाला कळत नाही, असं मला दोन वर्षांपूर्वीपर्यंत छातीठोकपणे वाटायचं. लग्नाचं शूटिंग हा माझा धंदा. टीव्ही सेंटरला छोटा स्टुडिओ, हर्सूलला घर. नवा मिररलेस कॅमेरा घ्यायचं ठरवलं तेव्हा सहा महिने मी रोज जेवताना मोबाईलवर कॅमेऱ्यांचेच व्हिडिओ बघत होतो. कुठला उन्हात तापून बंद पडतो, कुठल्याची बॅटरी लवकर मान टाकते, कुठला माणसाचा डोळा हुडकून फोकस धरून ठेवतो, सगळं तोंडपाठ. बायको म्हणायची, "भाजीत मीठ नाही हे तरी कळतंय का तुम्हाला?" मला खरंच कळत नव्हतं.

अखेर दुकानात गेलो. दुकानदार वयस्कर, आम्ही सगळे शूटिंगवाले त्यांना चाचा म्हणतो. त्यांनी काउंटरवर दोन कॅमेरे ठेवले. एक नवाकोरा, फोर-के व्हिडिओ घेणारा, तोही सेकंदाला एकशेवीस चित्रं. दुसरा थोडा जुना. तोही फोर-केच, पण चित्रं साठ. मात्र तेवढ्याच पैशात त्याच्यासोबत कॉलरला लावायचा माइक आणि चांगला हेडफोन येत होता. चाचा म्हणाले, "मियाँ, ये दूसरा लेव. तस्वीर के पीछे सब भागते, आवाज को कोई नै पूछता."

मी हसलो. म्हटलं, "चाचा, लग्नाच्या व्हिडिओत आवाज ऐकतं कोण? गाणं टाकतो ना आम्ही वरून!"

खोटं नव्हतं ते. लग्नात आवाज म्हणजे काय? डीजे, आचाऱ्याची भांडी, माइकवरून "वऱ्हाडी मंडळींनी जेवून जावे". हा सगळा आवाज आम्ही पुसून टाकतो आणि त्यावर एक गाणं चढवतो. पार्टीला पाहिजे असतं चित्र. फुलांच्या चादरीखालून नवरी येते, तिचा पदर उडतो, पाकळ्या पडतात, हे सगळं हळूहळू दिसलं पाहिजे. एकशेवीस चित्रं घेऊन ती पंचवीसच्या चालीनं दाखवली की सगळं पाचपट हळू दिसतं. आम्ही त्याला स्लो म्हणतो. कॅमेऱ्याच्या डोक्यावर एक खटका असतो, तो स्लोवर ढकलला की झालं. त्या मोडमध्ये कॅमेरा आवाज घेतच नाही. हे मला माहीत होतं. पुन्हा लिहितो, माहीत होतं, मला कुणी फसवलं नाही.

चाचा म्हणाले, "हौ, तुम्हारी मर्जी." मी नवाकोरा घेऊन आलो.

त्यानंतर तीनेक महिन्यांनी अण्णांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, आवाज बसला. अण्णा जन्मभर लासूर स्टेशनच्या बाजारात कांद्याचा लिलाव पुकारायचे. ट्रॅक्टरच्या रांगेत ढिगावर उभं राहून बोली ओरडायची, हेच त्यांचं काम. त्यामुळं घसा बसणं नवं नव्हतं. हळद-दूध झालं, गुळण्या झाल्या, खडीसाखर झाली. दोन महिने गेले तरी घसा सुटेना तेव्हा मी त्यांना आणि आईला इकडं हर्सूलला आणलं. डॉक्टरांनी नळी घालून बघितलं, तुकडा काढून तपासायला पाठवला. बिड्यांनी दावा साधला होता. स्वरयंत्र काढावं लागेल म्हणाले. माणूस वाचेल, बोलणं जाईल.

बोलणं गेलेली माणसं जगतात की. पाटीवर लिहितात, खुणा करतात. आमच्या घरात अडचण वेगळी होती. माझ्या आईचे डोळे शुगरनं गेलेले. उजेड आणि अंधार तेवढा कळतो. त्यात तिला वाचायलाही कधी आलं नाही. ती अण्णांच्या बोलण्यावर चालायची. अण्णा दिवसभर तिला सांगत असायचे, "मी दळण आणाया चाललो गं," "चहा उजव्या हाताला ठिवलाय, गरम हाय," "आलो बरं का." बाजारात लोकांवर खेकसणारा माणूस घरात असा सारखा पुटपुटत फिरायचा. कुणी हसलं तर म्हणायचे, "तिला दिसत नाय, मंग मी गप बसलो तर मी मेलो काय अन् हाय काय, सारखंच की."

ऑपरेशनची तारीख मिळाली तसं आईनं मला जवळ बोलावलं. "तुझ्याजवळ एवढी भारी मशीन हाय न्हवं? त्यांचा आवाज भरून ठिव. मला लई नाय पायजे. थोडासा असला तरी पुरंल."

आवाज भरून ठेव म्हणाली. नीट ऐकलं असतं तर मोबाईल काढून त्यांच्या पुढ्यात ठेवला असता, काम झालं असतं. मोबाईल खिशातच होता. पण मी पडलो कॅमेरावाला! म्हटलं, अण्णांचं असं फोर-के करतो की पुढच्या पिढ्या बघत बसतील. आई बघू शकत नाही, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. अक्कल गहाण टाकली होती, दुसरं काय.

मंगळवारी ऑपरेशन. रविवारी मी एक लग्न उरकलं. सोमवारी सकाळी पुढच्या खोलीत खुर्ची मांडली, खिडकीचा पडदा अर्धा सरकवून उजेड गालावर घेतला, मागची कॅलेंडरं काढली. टोपी सरळ करायला लावली. अण्णा वैतागले, "माझं लगीन लावतूस का काय?" फोकस डोळ्यावर बसला. मिशीचा केस न् केस पडद्यावर मोजून घ्यावा इतका स्वच्छ दिसत होता. मी खूश झालो.

मग अण्णा आईकडं बघून म्हणाले, "हिला भाईर ने. अन् तू बी जा."

"अण्णा, मला इथं थांबावं लागतं."

"मशीन एवढी हुशार हाय म्हणतूस, मंग तिला राखण कशाला पायजे? जा म्हणलं ना. इतकी वर्षं संसार केला, पर तोंडावर काही बोलाय जमलं नाय. आता बोलायचंय, तर तुम्ही दोघं समोर नगं."

मी लाल बटण दाबलं आणि आईला धरून बाहेर पायरीवर नेलं. तिथं आम्ही बसलो आणि माझं तोंड सुरू झालं. आई, हा कॅमेरा असा आहे, चेहरा हलला तरी फोकस सोडत नाही, अंधारात धरला तरी दाणे येत नाहीत, मोठ्या पडद्यावर लावला तरी फाटणार नाही. आई खिडकीकडं मान कलती करून बसली होती. मला वाटलं, ऐकतेय. अकरा मिनिटांनी अण्णा दारात आले. डोळे लाल झाले होते. "झालं," म्हणाले. आईनं विचारलं, "काय बोललात?" तर म्हणाले, "दवाखान्यातनं आल्यावर ऐक. आत्ताच ऐकून काय करतीस."

मी कार्ड काढलं, डबीत घातलं. तपासलं नाही. लग्नाचं कार्ड मी कधीच जागेवर तपासत नाही. शिवाय त्या दिवशी ॲडमिट करायची धांदल होती.

ऑपरेशन नीट पार पडलं. पंधरा-सोळा दिवसांनी अण्णांना घरी आणलं. गळ्याला भोक, त्यावर जाळीचं फडकं, हातात पाटी. आईनं त्या दिवशी डोक्यावरून अंघोळ केली, धुवट लुगडं नेसली आणि माझ्या कॉम्प्युटरपुढं येऊन बसली. "आता लाव," म्हणाली.

लावलं. पडद्यावर अण्णांचा चेहरा आला. तोंड उघडलं. आवाज नाही. मी स्पीकरची वायर बघितली, काढून पुन्हा लावली, दुसरा स्पीकर जोडला. मनात शिव्या चालूच. मग माझं लक्ष अण्णांच्या पापणीकडं गेलं. ती मिटायला लागली ती मिटतच होती. इतका वेळ कुणाची पापणी मिटते का? रविवारी नवरीची एंट्री घेताना खटका स्लोवर ढकलला होता, तो तसाच राहिला होता. अकरा मिनिटांचं बोलणं जवळजवळ तासभर पसरलं होतं आणि त्यात एक अक्षर नव्हतं.

"लाव की," आई म्हणाली.

"आई, आवाज येत नाही."

"मंग वाढव."

"वाढवून नाही येणार. कॅमेऱ्यानं आवाज घेतलाच नाही. माझ्या हातनं चुकलं."

अण्णा माझ्या मागं उभे होते. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि काढून घेतला. आई म्हणाली, "त्या दिशी पायरीवर मला थोडं थोडं ऐकू येत व्हतं. तू सारखा बोलत व्हतास. दोनदा मनात आलं, तुला गप म्हणावं. पर म्हणलं, जाऊ दे, मशीन ऐकतीय की."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. मी स्टुडिओत जाऊन शटर अर्धं ओढून रडलो, मोठ्यानं रडलो.

मग अण्णांच्या आवाजाचा शोध सुरू झाला. अण्णांचा फोन बटणांचा, त्यात काही नव्हतं. एरवी कुणी मोबाईल पुढं केला की ते उठून जायचे, त्यामुळं तिथंही काही नाही. बहिणीच्या लग्नात अण्णा तिला पोटाशी धरून कितीतरी बोलले होते, ते शूटिंग मी स्वतः केलेलं. उघडून बघितलं तर तिथं गाणं! मीच चढवलेलं. मूळ कार्ड केव्हाच पुसून दुसऱ्या कुणाच्या हळदीसाठी वापरलं होतं.

ते तासभराचं चित्र पाचपट पळवून पुन्हा अकरा मिनिटांचं केलं आणि ओठ वाचायला बसलो. मिशी आड येते. पहिला शब्द "अगं" आहे, एवढं नक्की. आईला सांगितलं. ती पटकन पुढं सरकली. "अगं म्हणले? अन् पुढं?"

"पुढचं कळत नाही, आई."

शेवटी मी अण्णांपुढं पाटी धरली. म्हटलं, "तुम्ही लिहा, मी आईला वाचून दाखवतो, जसंच्या तसं." अण्णांनी पेन्सिल घेतली, विचार केला आणि लिहिलं, "तिला सांगायचं होतं. तुला नाही." मी वाचल्यावर त्यांनी बाहीनं पुसून टाकलं.

नंतर मी कॉलरचा माइक घेतला, हेडफोनही घेतला. बैल गेला अन् झोपा केला! चाचांनी काही विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. आता लग्नात खटका तीनदा बघतो आणि एडिटिंगला बसलो की कानावरून हेडफोन काढत नाही.

घरात दोघांनी आपली सोय लावली आहे. अण्णा आईच्या कॉटच्या लोखंडी पाइपावर बोटानं ठोकतात. एकदा म्हणजे हो, दोनदा म्हणजे नाही. आई विचारते, ते ठोकतात. ज्याचं उत्तर नुसतं 'हो' किंवा 'नाही' असं नसतं, ते तिनं विचारायचं सोडून दिलं आहे.

मागच्या उन्हाळ्यातली गोष्ट. दुपारी बायको अण्णांना तपासणीला घेऊन गेली. आई झोपली होती, म्हणून मला सांगून ठेवलं, उठल्या की सांगा. मी आतल्या खोलीत हेडफोन लावून कुणाचंतरी लग्न कापत बसलो. पाणी प्यायला उठलो, हेडफोन काढला, तर आईचा आवाज. कॉटवर उठून बसली होती. बाजूच्या, अण्णांच्या रिकाम्या खुर्चीकडं तोंड करून बोलत होती. कूलरच्या घरघरीत, खुर्चीत अण्णा नाहीत हे तिला कळण्यासारखं नव्हतं. कधीपासून बोलत होती देव जाणे.

"तुम्ही तवा काय बोललात ते आता ऱ्हाऊ द्या," ती म्हणत होती, "पर मला काय सांगायचंय ते ऐका." आणि ती सांगत गेली. काय सांगितलं ते मी इथं लिहिणार नाही. ते अण्णांसाठी होतं. तिला तिथंच थांबवायला पाहिजे होतं. पण आईला असं बोलताना मी आयुष्यात ऐकलं नव्हतं. भिंतीला धरून सगळं ऐकलं. बोलून झाल्यावर ती थांबली, डोळे पुसले आणि म्हणाली, "ऐकलं न्हवं?"

खुर्ची गप्प. ती वाट बघत होती. मला ते बघवेना. मी पाय न वाजवता कॉटजवळ गेलो आणि पाइपावर बोटानं एकदा ठोकलं.

अण्णांचा ठोका तिच्या ओळखीचा, हा तसा नव्हता. आईचा चेहरा पडला. तिनं हात पुढं करून माझं मनगट धरलं, चाचपलं.

"तू हाईस व्हय रे?" ती म्हणाली. "मंग इतका येळ मी कुणासंग बोलत व्हते?"