घडी घालणारी भूतबाई

पडदे शिवणाऱ्या बाईंच्या दुकानात तो पहिल्यांदा शिरला तेव्हा रस्त्यावरची कुत्री भुंकायची थांबली, समोरच्या न्हाव्याचा वस्तरा गिऱ्हाइकाच्या गळ्याशी थबकला आणि मशीनवरचा दोरा आपोआप तुटला. निदान बाई तरी पुढे कित्येक वर्षं असंच सांगायच्या. खरं एवढंच, की ऐन उन्हाळ्यात काळा ओव्हरकोट घातलेला, खुंटीला कोट अडकवावा तसा दिसणारा एक उंच माणूस घाम पुसत दारात उभा होता.

"चाळीस फूट पडदा हवाय," तो म्हणाला. "मागे कोणीतरी उभं आहे असं वाटेल असा."

बाईंनी तोंडातल्या टाचण्या काढल्या. "कोणीतरी म्हणजे किती जाड? त्या हिशेबाने चुण्या सोडते."

"बारीक," तो गंभीरपणे म्हणाला. "बाई आहे. मेलेली."

तीन महिन्यांनी त्यांचं लग्न झालं आणि ती मेलेली बाई म्हणजे आपणच हे बाईंना कळलं.

तो पासपोर्टचे फोटो काढायचा. दिवसभर लोकांना स्टुलावर बसवून "हसू नका" म्हणायचं, हाच त्याचा धंदा. घराच्या खिडक्या कायम बंद ठेवायचा म्हणून सगळी गल्ली त्याला वटवाघूळ म्हणे. उरलेल्या वेळात वटवाघूळ भयपट काढी. ओसाड हवेली, शापित खानदान, मेणबत्त्या, तळघर, सगळं काही. आणि हे सगळं दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत. कपाटाच्या दाराचा आरसा तिरका धरला की पॅसेज दुप्पट लांब व्हायचा. धुकं भाताच्या पातेल्यातून यायचं, त्यामुळे शूटिंगच्या दिवशी जेवायला नुसता भात. रक्त बिटाचं. संवाद नसत, कारण चांगला माइक नव्हता. पण तसं म्हणायची सोय नव्हती. जे परवडत नसे त्याला तो 'प्रयोग' म्हणे. त्या हिशेबाने त्यांचा संसारही बराच प्रायोगिक होता.

आणखी एक प्रयोग म्हणजे तो 'कट' म्हणत नसे. "खरी गोष्ट कट म्हटल्यानंतर घडते," असं त्याचं तत्त्व. कॅमेरा चालूच राही, आणि भूतबाई दमून खाली बसल्या, पाठ खाजवू लागल्या की तेही टिपलं जाई.

गावातल्या एका जुन्या थिएटरच्या मालकाला शनिवारच्या दुपारी खुर्च्या रिकाम्या ठेवायचा कंटाळा आला होता. त्याने सिनेमा लावला. आणि सिनेमा चालला! भूतबाई पॅसेजमधून तरंगत येतात त्याच क्षणी शेजारणीचा कुकर शिट्टी देतो, हे वटवाघळाच्या कानातून निसटलं होतं. पोरांच्या कानातून नाही. पुढच्या शनिवारी पोरं खिशात शिट्ट्या घेऊन आली. भूतबाई दिसल्या की अख्खं थिएटर ओरडे, "काकू, गॅस बंद करा!"

बाईंना मजा वाटे. शेवटच्या रांगेत बसून त्या पदराआड हसत. शेजारी वटवाघूळ मात्र ओठ चावत बसे. सिनेमा सुटला की म्हणे, "दिवसभर हसू नका म्हटलं की माणसं हसत नाहीत. इथे अंधार करून, कवट्या दाखवून हसतात. एकदा, फक्त एकदा हे लोक गप्प बसायला हवेत."

"अहो, येतात ना? पुन्हापुन्हा येतात."

"जोकरकडेही येतात."

तिसऱ्या सिनेमाच्या वेळची गोष्ट. बाई विधवा राणीच्या वेषात, तोंडाला पांढरं फासून, खिडकीशी उभ्या होत्या. दहा फुटांचा पडदा नुकताच निखळून खाली पडला होता. तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला. वहिनीचा होता. दादा गेला. दादा म्हणजे बाईंचा थोरला भाऊ. आईवडिलांमागे त्यानेच त्यांना वाढवलं, मशीनवर बसवलं, पहिली कात्री हातात दिली.

बाई रडल्या नाहीत. खाली बसल्या आणि पडलेल्या पडद्याची घडी घालू लागल्या. दादाने शिकवलं होतं तशी: काठाला काठ, कोपऱ्याला कोपरा, वरून तळहात. घडी झाली की मोडत, पुन्हा घालत. तोंड उघडं होतं आणि त्यातून आवाज येत नव्हता. बऱ्याच वेळाने त्यांना कॅमेऱ्यावरचा लाल दिवा दिसला.

"चालू आहे ते?"

"राहिलं चुकून. पुसतो."

दहा दिवसांनी त्यांनी पुन्हा विचारलं. "पुसलं. आईशप्पथ," तो म्हणाला.

सिनेमा पुरा झाला आणि त्याचा पहिला शनिवार आला. थिएटर गच्च. शिट्ट्या वाजल्या, गॅस बंद करून झाला, एका कवटीला तर टाळ्या पडल्या. मग पडद्यावर विधवा राणी खाली बसली आणि घडी घालू लागली.

एक शिट्टी वाजली. कोणीतरी "शूऽ" केलं. त्यानंतर काही नाही. काठाला काठ. कोपऱ्याला कोपरा. पुढच्या रांगेतल्या मुलीने मैत्रिणीचा दंड घट्ट धरला. वटवाघळाने बाईंचा हात दाबला. त्याचे डोळे भरून आले होते.

"ऐकतेस?" तो कुजबुजला. "एकही जण हसत नाहीये."

"तुम्ही पुसलं होतं," बाई म्हणाल्या.

बाहेर पोरांनी त्यांना गराडा घातला. "काकू, आज खरंच टरकलो. तो घडीचा सीन कसा केलात हो?"

बाईंनी तोंड उघडलं. पण उत्तर वटवाघळाने दिलं. "सात टेक घेतले तिचे, सात! तेव्हा कुठे जमलं."

घरी परतताना बाई जिन्यात म्हणाल्या, "तो सीन काढा. माझा दादा आहे तो."

"काढू? अगं, तीनशे माणसं गप्प बसली त्याच्यासाठी. मयताला चौदा होती."

चौदाच होती. बाईंनी स्वतः मोजली होती. घरात जाऊन त्यांनी स्टूल ओढलं, खिडक्यांवरचे चाळीस फूट पडदे उतरवले आणि कधी नव्हे ते त्या दोन खोल्यांत ऊन आलं. हवेलीतली कोळिष्टकं, बिटाचे डाग, आरशाला चिकटवलेली टेप, सगळं उघडं पडलं.

सीन काही निघाला नाही. तीन शनिवार थिएटर गप्प बसलं. चौथ्या शनिवारी एक पोरगा खिशात रुमाल घेऊन आला. पाचव्याला सगळेच घेऊन आले. राणी खाली बसली की तीनशे रुमाल उघडत आणि थिएटर एका सुरात ओरडे, "काठाला काठ! काकू, इस्त्री राहिली!" लोक हसून हसून खुर्च्यांवरून घसरत. वटवाघूळ रडवेला होऊन दारातून परत आला. "थट्टा करतात गं," तो म्हणाला. बाई कात्रीला धार लावत होत्या.

चौथा सिनेमा झाला नाही. भूतबाईंनी नकार दिला, आणि भुताशिवाय भयपट हा प्रयोग वटवाघळालाही जमेना. तो अजून फोटो काढतो आणि "हसू नका" म्हणतो. दोघं एकाच घरात राहतात. थिएटर पुढच्या वर्षी पाडलं. तिथे आता फरश्यांचं दुकान आहे, आणि त्याला पडदे लागत नाहीत.