धम्मरत्नचे सुटे भाग

मी देहूरोडच्या शाळेत शिकवत होते, तिथं धम्मरत्न भालेराव तीन वर्षं माझ्या वर्गात होता. फार हुशार नव्हता, पण एखादी गोष्ट कशी चालते हे कळल्याशिवाय वही मिटायचा नाही. त्याचे वडील कोंडीराम भोसरीच्या एका वर्कशॉपमध्ये लेथवर बोल्ट करत. ते म्हणायचे, "मी केलेला बोल्ट कुठल्या गाडीला लागतो मला माहीत नाही. पण बसतो बरोबर."

पुढे धम्मरत्न चिंचवडच्या एका छोट्या कंपनीत कॉम्प्युटरवर नकाशे करू लागला. तिथं त्याला एका गोष्टीचा सारखा त्रास व्हायचा. पाण्याचे पाइप टाकणारे एका गावाचा नकाशा करत, विजेचे खांब रोवणारे तोच पुन्हा पहिल्यापासून करत आणि रस्तेवाले तिसऱ्यांदा. एकाचं काम दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर धड उघडायचंही नाही.

मग त्यानं स्वतःच्या वेळात नकाशाचे सुटे भाग करायला घेतले. विहिरींचा एक भाग, ओढ्यांचा एक, पायवाटांचा एक. सोबत जमिनीचे जुने सरकारी गटनकाशे आजच्या नकाशावर नेमके बसवून देणारा छोटा प्रोग्रॅम. ज्याला जो भाग हवा त्यानं तो घ्यावा, आपल्या नकाशात बसवावा. सगळं वेबसाइटवर, फुकट. रविवारी तो मोटारसायकल काढून चाकणच्या पलीकडच्या वाड्यावस्त्यांवर फिरायचा. मोबाइलवर खूण करण्याआधी तिथल्या म्हाताऱ्या माणसांना विचारायचा, हे काय, याला काय म्हणतात.

अशीच त्याला अंबुबाई भेटली. बहुतेक जमीन कंपन्यांना गेलेली, उरलं होतं चार खोल्यांचं घर आणि मागचा वाफा. घराला लागून ओढ्याचं पात्र होतं. उन्हाळ्यात त्यातूनच माणसं, गुरं, दुचाक्या जायच्या.

"आजी, ही वाट की ओढा?"

"दोन्ही हाय. दिवाळीपासनं वाट, मिरगापासनं ओढा."

"नकाशात एकच लिहितात हो."

"मग तुझा नकाशाच आखूड हाय, लेका."

तो हसला आणि घरी आल्यावर त्यानं ती रेघ दोन्ही भागांत घातली, ओढ्यांच्याही आणि वाटांच्याही. वाटांच्या भागाला टीप जोडली, 'पावसाळ्यात इथून पाणी वाहतं. हा भाग ओढ्यांच्या भागासोबतच वापरावा.' त्याची चूक झाली ती इथं. सोबत वापरा असं लिहिलं म्हणजे लोक सोबत वापरतील, असं त्याला वाटलं.

तीन वर्षं त्याच्या कामाकडे कुणी फिरकलं नाही. मग एका दिवाळीनंतर तो माझ्याकडे पेढे घेऊन आला. नव्या गोदामांकडे जाणारे रस्ते आखणाऱ्या एका कंपनीनं त्याचा वाटांचा भाग घेतला होता. "बाई, बसला," एवढंच म्हणाला. इतकं खुललेलं मी त्याला दहावीच्या निकालालाही पाहिलं नव्हतं.

जानेवारीत त्या रस्त्यांचा आराखडा त्याच्या पाहण्यात आला. अंबुबाईच्या घरामागचा ओढा त्यात 'अस्तित्वातील वाट' म्हणून दाखवला होता. त्यावर सहा मीटर रुंदीचं काँक्रीट पडणार होतं आणि खाली पाण्याला जायला मोरीसुद्धा नव्हती. त्या ओढ्याचं पाणी अडलं तर ते अंबुबाईच्या घराशिवाय दुसरीकडे कुठं जाणार नव्हतं. काँक्रीट पडायच्या आत हे थांबवायला हवं, एवढं एकच त्याच्या डोक्यात राहिलं.

आराखडा शेखर नावाच्या इंजिनिअरनं केला होता. धम्मरत्न त्याच्या ऑफिसात गेला.

"सर, हा ओढा आहे."

"तुमच्याच नकाशात वाट आहे राव. आम्ही काय मनानं काढली?"

"खाली टीप आहे ना."

"आमच्या सॉफ्टवेअरमध्ये रेघ येते, भावा. टीप येत नाही."

"मग ओढ्यांचाही भाग लावा. दहा मिनिटांचं काम आहे, मी बसवून देतो."

"लावला की आराखडा बदलणार. बदलला की मंजुरी पहिल्यापासून. कामाला मार्चची मुदत आहे." शेखरनं चहा मागवला. तो काही वाईट माणूस नव्हता. "इतकं चांगलं काम फुकट दिलंत, आणि आता आहेरातल्या भांड्यासारखं परत काय मागताय?"

मंजुरी देणाऱ्या ऑफिसात मिनल नावाची मुलगी होती. तिनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, ज्याचा नकाशा त्यानंच तो चुकीचा आहे असं लिहून दिलं, तर फाइल वर पाठवता येईल. नकाशा चुकीचा नव्हता. तरी धम्मरत्ननं लिहून दिलं, 'मी केलेला वाटांचा नकाशा चुकीचा आहे.' खाली सही केली. हे कळल्यावर त्याच्या कंपनीचे मालक म्हणाले, "आमचा माणूस स्वतःच्या सहीनं नकाशे चुकीचे म्हणतो. आता काम कोण देणार आम्हाला?" त्यांनी त्याला गोदामांच्या पार्किंगच्या रेघा आखायला बसवलं.

त्यानं वाटांचा भाग वेबसाइटवरून काढून टाकला. पण तोवर तो आणखी चार ठिकाणी उतरवून घेतलेला होता आणि तिथून कुठं कुठं गेला होता ते त्यालाही शोधता येईना. फाइल वर गेली ती वरच राहिली.

मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात काँक्रीट पडलं. धम्मरत्न रजा टाकून तिथं गेला होता. अंबुबाई मुकादमाला म्हणत होती, "निदान एक पाइप तरी घाल खालनं."

मुकादमानं तिच्यापुढे कागद धरला. "आजी, यात पाणीच नाही."

"कागदात नसंल. मिरगात ये, दावते."

तो आला नाही. पाणी मात्र आलं, जून ते ऑगस्ट तीनदा, मागच्या दारानं. तिसऱ्या वेळी धान्याच्या कणग्या भिजल्या आणि मधली भिंत खचली. मग नातू प्रीतम तिला रावेतला आपल्या फ्लॅटवर घेऊन गेला.

दिवाळीनंतर धम्मरत्न माझ्याकडे आला. "बाई, एकट्याला जायचा धीर होत नाही. चला सोबत." आम्ही रावेतला गेलो. दार प्रीतमनं उघडलं. आत घेण्याआधी हळूच म्हणाला, "घर माझ्या नावावर होतं, विकलं. घेणाऱ्यांनी परवाच पाडलं. तिला अजून सांगितलं नाही, तुम्हीही बोलू नका."

अंबुबाई अकराव्या मजल्यावरच्या गॅलरीत लसूण सोलत बसली होती. तिनं धम्मरत्नला ओळखलं, जवळ बसवलं. तो माफीचं काही बोलू लागला, तर म्हणाली, "तू काय करणार? तू तर विचारून लिवलं. बाकीच्यांनी विचारलं बी न्हाई." थोड्या वेळानं म्हणाली, "तुझ्या मोबाइलात वरनं घर दिसतं म्हणतात. माझं दाव की."

त्यानं प्रीतमकडे पाहिलं. प्रीतम खाली बघत होता. धम्मरत्ननं मोबाइलवर उपग्रहाचा फोटो उघडला, ती जागा शोधली, बोटांनी मोठी केली. पत्र्याचं छप्पर दिसलं, मागे वाफा, त्याला लागून ओढ्याचं वळण. रस्ता त्यात कुठं नव्हता. कोपऱ्यात बारीक अक्षरात तारीख होती, दोन वर्षांपूर्वीची. ती मीही वाचली.

"अगं बाई, शेवग्याचं झाड बी दिसतंय," अंबुबाई म्हणाली. "म्हंजी हाय तर जागच्या जागी."

"आहे, आजी," धम्मरत्न म्हणाला, आणि तिला नीट बघता यावं म्हणून मोबाइल धरून राहिला.