तळ दिसेपर्यंत

लातूर वेगळा जिल्हा होऊन चार वर्षं झाली होती, आणि जळकोटकडच्या आमच्या गावाला त्यातनं मिळालं काय, तर टँकर. एक दिवसाआड यायचा, कोरड्या विहिरीत पाणी सोडायचा, आणि गाव काठावर तुटून पडायचं.

त्या रेटारेटीत माझ्या आत्याच्या, शिवगंगाच्या, गळ्यातला दोरा तुटला आणि त्यातलं इष्टलिंग विहिरीत गेलं. आमच्या लिंगायतांत अंगावरचं लिंग हरवलं, तर सापडेपर्यंत अन्नपाणी नाही. दिवस वैशाखाचे. आत्या पासष्टीची.

ती ओरडली नाही. रिकामी घागर उपडी घालून काठावर बसली.

सरपंच गुरुपादप्पा बोलायच्या आधी तीनदा खाकरतात. खाकरले. "अक्का, दोन गडी उतरवतो. आत्ता काढतेत की."

"नको आप्पा. गाळ उठंल."

"उठू द्या की ओ!"

गडी उतरलेच. पायांनी चाचपत फिरले आणि घटकेत सगळं पाणी चहासारखं झालं. लिंग नाहीच. शेजारच्या नीलाबाईचा आवाज म्हणजे पत्र्यावर पडलेले खडे. "झालं समाधान? आता लेकरायला काय चिखल पाजू?"

"वर या सगळे," आत्या म्हणाली. "पाणी निवळू द्या. उपसता उपसता तळ दिसंल."

"आन् तंवर तुमी?" नीलाबाईने विचारलं.

"मी हाय की हितं."

दुपारी मठातले स्वामी आले. नवं लिंग बांधतो म्हणाले. आत्याने हात जोडले. "तो हितंच खाली हाय, स्वामी. त्याला टाकून दुसरं कसं बांधू?"

संध्याकाळी नीलाबाई घागर भरता भरता म्हणाली, "अक्का, तुमच्या लिंगानं अख्खं गाव तीर्थ पितंय. तुमीच तेवढ्या कोरड्या!" आत्या हसली. हसताना ओठ फुटला.

दुसऱ्या दिवशी तिची जीभ टाळूला चिकटायला लागली.

"मला भ्या वाटतंय गं," ती मला म्हणाली.

"मग ऊठ ना, आत्या."

"उठून कुठं जाऊ? भ्या बी संगंच येतंय की." आणि पुन्हा डोळे मिटले. मांडीवर डावा तळहात उघडा, रोज पूजेला धरायची तसा. रिकामा.

उन्हं कलताना पाणी तळाला लागलं. बौद्ध वस्तीतल्या नागुबाईचा नंबर नेहमीसारखा शेवटी. तिच्या बादलीत अर्धा गाळ आला. तिने तो चाचपला आणि मूठ वर काढली. आवळ्याएवढं, काळं.

गुरुपादप्पा खाकरले. "थांब, थांब. स्वामींना बलावू आधी."

"आमी देव मानत न्हाई, आप्पा," नागुबाई म्हणाली. "पन ज्याची वस्तू त्याला."

आत्याने तळहात पुढे केला. "ठेव, माय. आन् वाईच पाणी दे."

नागुबाईच्या घागरीत सगळं मिळून अर्धी घागर होती. तिने तिरपी केली. आत्याने लिंग धुतलं, मस्तकाला लावलं आणि मग ती ओंजळभर पाणी प्यायली. निम्मं ओंजळीतूनच सांडलं. गुरुपादप्पांना खाकरायचं सुचलं नाही.

तिसऱ्या दिवशी ठरलेला टँकर आला नाही. बायका रस्त्याकडे बघत उभ्या होत्या. आत्या काठावर बसून लिंगाचा दोरा दुहेरी वळत होती.