पायडलचा पाय

शिंपी होता, तरी त्याला कात्री मास्तर म्हणत ते त्याच्या तोंडामुळे. गिऱ्हाइकाच्या ढेरीपासून सख्ख्या भावाच्या अकलेपर्यंत त्या तोंडातून काही सुटत नसे. दुकानात दोघा भावांची मशिनं पाठीला पाठ लावून होती. धाकट्याने मोटर बसवली तेव्हापासून समोरासमोरचं बोलणं संपलं. उरले ते पाठीमागून टोमणे.

मास्तर मात्र पायडलच मारी. पुढे उजव्या पोटरीत गोळे येऊ लागले. कोपऱ्यावरच्या नळापर्यंत चाललं की थांबावं लागे. अंगठ्याची जखम भरेना, उलट काळी पडली. जन्मभर ओढलेल्या विड्यांनी आपलं काम चोख केलं होतं.

"पाय गेला की मोटर लावशीलच," धाकटा म्हणाला. "आधीच लाव की."

"पाय गेला तरी तुझ्या मोटरला हात लावणार नाही."

"हात लावून भागत नाही दादा. तिलाही पायच लागतो."

डॉक्टरांनी सांगितलं, उजव्या मांडीतली रक्तवाहिनी तुंबली आहे. डाव्या जांघेतून बारीक नळी घालून उजवीकडे न्यायची आणि तिथे फुगा फुगवून वाट मोकळी करायची. जमलं तर पाय वाचेल, नाहीतर कापावा लागेल.

"दुखतंय उजवीकडे आणि भोसकणार डावीकडे?" मास्तर म्हणाला. "माप कुणी घेतलंय?"

डॉक्टर हसले नाहीत.

फुगा फुगवून झाला. खाटेवर आणल्यावर सिस्टर म्हणाली, "संध्याकाळपर्यंत पाय सरळ ठेवायचा. अजिबात हलवायचा नाही."

कोणता, हे विचारणं मास्तरला कमीपणाचं वाटलं. दुखणं ज्या पायाचं, पथ्यही त्याचंच, असं धरून त्याने उजवा पाय काठीसारखा ताठ केला.

धाकटा स्टुलावर बसला होता. दुसरं कोणी नव्हतंच. जरा वेळाने म्हणाला, "तुझा तो कोट अर्धवट पडला होता. बाह्या मी लावल्या. मोटरवर. गिऱ्हाईक बघून खूश आहे, दिवाळीला नेणार म्हणतंय."

"माझ्या कोटाला हात लावलास?"

मास्तरला संताप आला की पाय चालू लागत, ही जन्माची खोड. उजवा दाबून धरलेला, म्हणून डावाच चालू लागला. टाच, चवडा, टाच, चवडा. गुडघा वर-खाली होऊ लागला आणि चादरीवर लाल डाग पसरला.

"सिस्टर!" धाकट्याने दोन्ही तळवे जांघेवर दाबले. "पाय थांबव, गाढवा!"

"तू आधी तोंड थांबव!"

सिस्टरने धाकट्याला ढकललं आणि स्वतः दाबून धरलं. "भोक या पायाला आहे, त्याला नाही!" रक्त थांबलं तेव्हा धाकट्याला म्हणाली, "गुडघा धरून बसा. आणि दोघंही गप्प."

डॉक्टर आले, उजव्या पावलावर हात ठेवून म्हणाले, "गरम आहे. अंगठ्याचं सांगता येत नाही. पण पाय वाचला."

"सोड आता," मास्तर धाकट्याला म्हणाला.

"नाही. तुझा भरवसा नाही."

"मग तोंड तिकडे कर. बघवत नाही."

धाकट्याने तोंड फिरवलं, पण गुडघा सोडला नाही.

अंगठा गेलाच. जखम भरल्यावर मास्तर दुकानात आला, तो कोट ओढून घेतला आणि बाह्या उसवायला बसला. टिपेत कुठेही वाकडेपणा सापडेना. म्हणून तो आणखीच भडकला, आणि दोन्ही पायांनी पायडल हाणत त्याने त्या पुन्हा शिवल्या.