समाधानचा चेहरा मी रंगवला होता

समाधानच्या कपाळावरचा घाम मी पुसला आणि त्यावर परत पांढरा रंग लावला.

आज वर्ष झालं. हे मी अजून कुणालाच सांगितलेलं नाही. आज लिहून टाकते.

ओळखत नसाल तर सांगते. समाधान कुरुळीचा. चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीला, आणि सुट्टीच्या दिवशी एका बँडचा गायक. ब्लॅक मेटल, म्हणजे चेहरा पांढरा-काळा रंगवून किंचाळत गायचं काळोखं संगीत. ते गाणाऱ्याचं नाव समाधान, यावरून आम्ही त्याला काही कमी छळलं नाही.

आमची ओळखच भांडणातून झाली. मेटलवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्याने एक क्लिप टाकली. गिटारच्या मागे हलगी.

मी लिहिलं, "हलगी आली की ते ब्लॅक मेटल राहत नाही. फोक म्हण आणि मोकळा हो."

लगेच त्याचा व्हॉइस मेसेज. "मॅडम, नॉर्वेच्या जंगलातली बासरी तुमाला चालती, आन् आमच्या म्हसोबाच्या माळावरची हलगी चालत न्हाई व्हय?"

हरले असं काही मी म्हटलं नाही.

पुढच्या शोला मात्र त्याचा मेकअप करायला मीच गेले. आधीच्या फोटोंत तो पिठाच्या गिरणीतून आल्यासारखा दिसत होता, मला बघवेना. तेव्हापासून प्रत्येक शोला पिंपळे सौदागरच्या माझ्या घरून कुरुळी, स्कूटीवर, रंगाचा डबा पायाशी.

शो संपला की तासभर चर्चा. कुणाचा ड्रमर कच्चा, कुणाचा गायक नुसता पोझर, सगळा देखावाच. स्टेजवर गुडघे टेकून किंचाळणाऱ्यांचा त्याला भयंकर राग. "गुडघं देवळात टेकायचं राव. स्टेजवर न्हाई."

आणि त्याचा एक कडक नियम होता. एकदा रंग लागला की बोलायचं नाही.

हसायचं नाही, पाणी मागायचं नाही. शेवटचं गाणं संपेपर्यंत चेहऱ्यामागे माणूस नाही.

हा नियम त्याच्यापेक्षा मलाच जास्त आवडायचा. कुणी तोंड उघडलं की मीच ओरडायचे, "ए, रंग लागलाय. गप."

त्या दिवशी शो त्याच्या चुलत्यांच्या रिकाम्या शेडमध्ये होता. सातच्या आत आवाज बंद, ही त्यांची अट. म्हणून पाचलाच सुरू करायचं होतं.

रविवार असून तो ओव्हरटाइम करून थेट आला. खुर्चीत बसताना म्हणाला, "छातीत जळजळतंय जरा. कँटीनचा वडा बाधला वाटतं."

तो माझ्याशी बोललेलं हे शेवटचं वाक्य.

मी रंग लावला. पाच मिनिटांत कपाळावरून पांढरे ओघळ यायला लागले. पत्र्याचं शेड, उन्हाळा, सगळेच घामाघूम होते. पण त्याचा घाम थांबेना.

"बरं वाटत नाहीये का?"

त्याने छातीवर हात ठेवला.

"ॲसिडिटी?"

मान हलवली. हो.

"शो थांबवायचा?"

नाही.

तो बोलला नाही. आणि मीही "बोल" म्हटलं नाही.

टिश्यूने कपाळ पुसलं. पुसलेल्या जागी त्याची कातडी दिसली. राखाडी, मातकट. मला वाटलं, काळा रंग पांढऱ्यात मिसळलाय. मी त्यावर जाड थर दिला आणि म्हणाले, "झकास. जा."

तीन गाणी जोरदार झाली.

चौथं गाणं म्हसोबाच्या माळाचं. त्या माळावर आता ट्रेलर उभे राहतात. अर्ध्यात त्याने छाती घट्ट धरली. पब्लिक खवळलं, मोबाईल वर गेले. माझ्या शेजारचा ओरडला, "काय ॲक्टिंग आहे राव!"

मग समाधानने गुडघे टेकले.

दोन्ही.

मी ओरडले, "बंद करा! तो गुडघे टेकत नाही!" त्या आवाजात कोण ऐकणार. मी धावत जाऊन मेन स्विच पाडला.

गिटार बंद पडली. पण हलगीला वीज लागत नाही. ती दारं लावलेल्या अंधाऱ्या शेडमध्ये चार-पाच ठोके वाजत राहिली, मग थांबली.

गाडीत त्याचं डोकं माझ्या मांडीवर होतं. मी सारखी म्हणत होते, "बोल ना रे. नियम मोड. मीच सांगतेय, बोल."

हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांनी "हार्ट अटॅक. गेला," म्हणून सांगितलं, तेव्हा ग्रुपवर क्लिप फिरत होती. खाली लिहिलं होतं, "आजवरचा बेस्ट शो." मी तिथंच उभ्या उभ्या टाइप केलं, "ती ॲक्टिंग नव्हती."

मी अजून लोकांचे चेहरे रंगवते. पण आता माझा नियम उलटा आहे. रंग लागल्यावर प्रत्येकाने माझ्याशी बोलायचं, मगच स्टेजवर जायचं. कुणी गप्प बसलं की मी ब्रश खाली ठेवते. मेकअप करणाऱ्या सगळ्यांना हात जोडून सांगते, समोरच्याला बोलतं ठेवा. आणि घाम आला तर आधी त्याचा चेहरा बघा, रंग नंतर.

त्या दिवशी घरी त्याचा चेहरा काकूंनी, त्याच्या आईने, खोबरेल तेलाने पुसला. मी कापूस देत होते. सगळा रंग निघाला. उजव्या कानामागे थोडं काळं राहिलं.

मी पुसायला हात पुढे केला. काकूंनी माझं मनगट धरलं.

"ऱ्हाऊ दे पोरी."

"काकू, काळं राहिलंय."

"ल्हान व्हता तवा मीच लावायची तितं. दृष्ट लागू नये म्हून. ऱ्हाऊ दे तेवढं."

तो तसाच गेला. कानामागे माझ्या हातचं काळं घेऊन.

समाधान, वर्षभर मला तुझी माफी मागायची होती. आज सगळ्यांसमोर मागते.

आणि हलगीचं तुझंच बरोबर होतं. येते.