स्वच्छता, चपळता आणि गांधीलमाशा

मी एम.ए., बी.एड. आहे आणि खराटा उलटा धरल्यामुळं माझी सरकारी नोकरी हुकली, असा आमच्या सास्तूर गावात समज आहे. तो साफ खोटा आहे. खराटा मी सरळच धरला होता. नोकरी हुकली ती तोंडामुळं. (तोंडाचे तसे दोन घोटाळे झाले. एक सुजण्याचा आणि दुसरा उघडण्याचा. क्रमानं सांगतो.)

झालं असं, की माझ्या बायकोला, रेखाला, सरकारी दवाखान्यात नर्सची नोकरी लागली. आणि नेमणूक कुठं, तर थेट अलिबागला! आमच्याकडं समुद्र भूगोलाच्या पुस्तकात असतो. महिन्याभरात हजर व्हायचं होतं. घरात पेढे आले, आईनं गल्लीभर वाटले, मीही दोन-तीन हाणले. दुसऱ्या दिवशी पारावर एकानं मला सहज विचारलं, "मंग गुरुजी, आता तुमी बी वहिनीमागं जाणार व्हय?"

मी तेव्हा लोहाऱ्याला एका खाजगी क्लासमध्ये इतिहास शिकवायचो. शिक्षक भरतीची वाट बघण्याचा मला चांगला अनुभव होता. त्या माणसाचा प्रश्न साधाच होता, पण त्यातलं ते 'वहिनीमागं' मला दिवसभर कुसळासारखं टोचत राहिलं. घरी येऊन मी जाहीर केलं, "सरकारी नोकरी मिळाल्याबिगर मी अलिबागला पाऊल टाकणार न्हाय!"

"महिन्याभरात?" रेखानं विचारलं.

"शिपायाची लेखी परीक्षा दिलीय की मागं. शिपाई तर शिपाई!"

"अन् ती धाराशिवची हाय. म्हंजी म्या अलिबागला अन् तुमी धाराशिवला?"

यावर माझ्याकडं तयार उत्तर होतं. नवरा-बायको दोघंही सरकारी नोकरीत असले, की एका ठिकाणी बदली मागता येते. पती-पत्नी एकत्रीकरण! आधी कुठूनतरी आत शिरायचं आणि मग सरकत सरकत समुद्रापर्यंत जायचं.

"म्हंजी एकत्र येण्यासाठी आधी लांब ऱ्हायाचं," असं म्हणून रेखा भाकरी थापायला निघून गेली.

आणि काय सांगू, चारच दिवसांत मोबाईलवर मेसेज आला. लेखी परीक्षेत मी पास! आता पुढच्या आठवड्यात फक्त 'स्वच्छता व चपळता चाचणी'. म्हणजे साहेबांसमोर झाडून, पुसून, पाणीबिणी आणून दाखवायचं. आईनं ते माझ्याकडून परत एकदा वाचून घेतलं आणि पदर तोंडाला लावून हसायला लागली.

"ह्येची? स्वच्छतेची? अगं रेखा, ह्येनं जलमात जेवलेलं ताट उचललं न्हाय गं!"

"हसू नगंस," आप्पा म्हणाले. (आप्पा म्हणजे माझे वडील.) "पोराला शिकीव. टाइम कमी हाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंगणात पहिल्यांदा खराटा हातात घेतला. समोरून वारा येत होता. मी पहिला फटकारा मारला, आणि अंगणातली सगळी धूळ उठून माझ्याच डोक्यावर येऊन बसली.

"कचरा फुडं ढकलायचा आस्तो रं बाबा! अंगावर न्हाय घ्यायचा!" आई ओरडली.

भूकंपानंतर आमचं गाव नव्यानं वसलं, तेव्हा घरं लांब लांब ठेवून मध्ये ऐसपैस अंगणं सोडली. ज्यानं कुणी तो नकाशा काढला, त्यानं आयुष्यात कधी झाडलेलं नसणार! अर्ध्या अंगणात माझी कंबर धरली. तेवढ्यात शेजारच्या गंगूकाकी कुंपणाशी आल्या. बराच वेळ त्यांनी माझं काम बघितलं.

"परीक्षा हाय म्हणं तुजी?"

"व्हय काकी."

"मंग आमचं बी आंगण हाय की. सराव करायचा तर मोकळ्या मनानं कर. लाजू नगंस."

मी लाजलो नाही, हीच चूक झाली. काकींचं अंगण झालं, मग त्यांच्या पलीकडच्यांचं, मग त्यांच्याही पलीकडच्यांचं. चार दिवसांत आमच्या अख्ख्या ओळीतल्या बायका सकाळी चहाचा कप घेऊन उंबऱ्यात बसायला लागल्या. आणि कौतुक तरी किती! "बगा, एवढा शिकलेला माणूस, पर कोपरं कशी निगुतीनं काढतोय!" हे कौतुक त्या आपापल्या नवऱ्यांना ऐकवून करायच्या. शेवटी ओळीतले चार-पाच पुरुष एकदम आप्पांकडं आले.

"आप्पा, पोराला आवरा. आमच्या घरी आमच्या हातात खराटा द्यायलेत!"

आप्पांनी लक्ष दिलं नाही, कारण ते चपळतेच्या मागं लागले होते. बाजेवर उशीला टेकून ते साहेब व्हायचे आणि हुकूम सोडायचे. पाणी आण. चष्मा आण. पेपर आण. हा कालचा हाय, आजचा आण! पहिल्या दिवशी हाका मारून त्यांचा घसा बसला, म्हणून दुसऱ्या दिवशी त्यांनी देवघरातली घंटी उचलून आणली.

"आवं, देवाची हाय ती!" आई म्हणाली.

"मंग शिपायाला बलवू कसा? साहेबाच्या टेबलावर घंटी आस्ती."

घंटी वाजली की मी धावायचो. आई मात्र हातातलं काम टाकून देवाला नमस्कार करायची. असा आमच्या घरी दिवसभर सराव आणि भक्ती दोन्ही चालू होतं.

चाचणीच्या आदल्या दिवशी आप्पांना नवीनच शंका आली. "जाळी-जळमटं काढाया लावली म्हंजी?" झालं! लांब काठीला झाडू बांधला आणि आम्ही दोघं गोठ्यात शिरलो. पत्र्याखाली, पार कोपऱ्यात, राखाडी कागदाच्या गोळ्यासारखं काहीतरी लोंबत होतं.

"आप्पा, ते काय हाय?"

"जळमटच आसंल. हाण!"

मी हाणला. ते जळमट नव्हतं.

गांधीलमाशा एकदम अंगावर आल्या. चपळतेत त्या दिवशी आप्पा पहिले आले. धोतर सावरत ते माझ्या पुढं दोन हात पळत होते आणि पळता पळता मलाच विचारत होते, "हाणलं कशाला रं?" घरात शिरून दार लावेपर्यंत माझा डावा डोळा, गाल आणि वरचा ओठ यांची हद्द एक झाली होती. आप्पांचा उजवा डोळा सुजून मिटला होता. आईनं आम्हा दोघांना शेजारी शेजारी बसवून तोंडाला चुना फासला आणि वरून हळद लावली.

संध्याकाळी रेखा आली. तिनं दारात चप्पल काढली, आमच्याकडं बघितलं, या तोंडाकडून त्या तोंडाकडं बघितलं आणि आईला विचारलं, "आत्या, ह्यातले आमचे कंचे?"

मग तिनं तोंड धुवायला लावलं आणि गोळ्या दिल्या. पण सूज काही नर्सच्या घरातली आहे म्हणून लवकर उतरत नाही. सकाळी आरशात बघितलं, तर एक डोळा होता. म्हटलं, चाचणी झाडायची आहे, बघायची नाही. आम्ही चौघंही एसटीनं धाराशिवला गेलो. आप्पांना घरी थांबा म्हटलं तर ते म्हणाले, "माझा पोरगा साहेब व्हायलाय अन् म्या घरी बसू?" त्यांना शिपाई आणि साहेब यातला फरक सांगायची ती वेळ नव्हती.

कार्यालयाच्या दारात एक क्लार्क ओळख तपासत होता. त्यानं हॉल तिकिटावरचा फोटो बघितला, मग मला बघितलं.

"हे तुम्ही नाही."

"मीच हाय साहेब. गांधीलमाशा चावल्या."

"असं सगळेच सांगतात," तो म्हणाला. (सगळेच? मला हे अजून कळलेलं नाही.)

आई पुढं झाली. "साहेब, पोरगा माझाच हाय! म्या वळखते न्हवं का?" तिच्या मागून आप्पांनी आपलं तोंड पुढं केलं. क्लार्क दचकला. "आजोबा, तुमची पण चाचणी आहे का?"

"न्हाय. म्या ह्येचा बाप."

"ते मात्र पटतं," क्लार्क म्हणाला. पण आत काही सोडेना. शेवटी त्यानं आधार कार्ड मागितलं. त्यावरचा फोटो बघितला, मला बघितलं, परत फोटो बघितला आणि त्याचा चेहरा एकदम मोकळा झाला.

"हां! हे बरोबर जुळतंय. जा आत."

आत तीन अधिकारी खुर्च्यांवर बसले होते. मला व्हरांडा झाडायला सांगितला. अख्ख्या ओळीचा सराव पाठीशी होता, वारा कुठून येतोय ते मी आधी बघून घेतलं आणि असा झाडला, की मधले साहेब पाय वर घेऊन बसले. टेबल पुसलं. मग पाण्याचा ग्लास आणायला सांगितलं. इथं एका डोळ्यानं दगा दिला. टेबल जिथं संपत होतं, त्याच्या जरा पलीकडं मी ग्लास ठेवला! खळ्ळकन आवाज झाला. पण मी थांबलो नाही. काचा वेचल्या, फडकं फिरवलं, दुसरा ग्लास आणून यावेळी आधी हातानं टेबल चाचपलं आणि मग ठेवला. साहेबांनी पाय खाली घेईपर्यंत सगळं आवरलेलं!

"चपळता आहे," मधले साहेब शेजारच्यांना म्हणाले. मी ते या कानानं ऐकलं. मला आतून इतकं भरून आलं, की सुजलेल्या ओठानंही हसू आलं.

"एक सांगा," साहेब म्हणाले. "तुम्ही एवढे शिकलेले. उद्या दुसरी नोकरी लागली की सोडून जाणार. मग आम्ही परत जाहिरात काढायची का?"

"न्हाय साहेब! सोडून कशाला जाईन?" मी छातीवर हात ठेवून म्हणालो. "मी फक्त बदली मागणार!"

"कुठं?"

"अलिबागला."

"कधी?"

"रुजू झालो की लगेच! आमची मिसेस तिकडं नर्स आहे. पती-पत्नी एकत्रीकरण!"

साहेबांनी शेजारच्यांकडं बघितलं. "अजून आले नाहीत, निघाले पण," असं ते हळूच म्हणाले आणि मला "या आता" म्हणाले. मला वाटलं, खूश झाले!

बाहेर आल्यावर मी तिघांना सगळं रंगवून सांगितलं. बदलीपर्यंत आलो तेव्हा रेखानं कपाळाला हात लावला.

"खरं काय ते सांगून टाकलं," मी म्हणालो.

"खरं बोलायची परीक्षा व्हती व्हय ती?" आप्पांनी विचारलं.

निकाल लागला. माझं नाव नव्हतं. रेखाची जायची तयारी सुरू झाली आणि मी माझं म्हणणं धरून बसलो. तिला म्हटलं, तू हो पुढं, मी दुसऱ्या एखाद्या भरतीचं बघून येतो. ती एकटीचेच कपडे बॅगेत भरत राहिली. एक साडी तिनं आत घातली, काढली, परत तीच आत घातली. मला ते एका डोळ्यानं दिसलं नसतं, पण तोवर सूज उतरली होती.

आई उंबऱ्यात तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "म्या बी ह्यांच्या मागंच आले न्हवं का ह्या गावाला? मला कुणी इचारलं, तिकडं जाऊन काय करणार म्हणून?"

आप्पा खाकरले आणि बाहेर निघून गेले. मी माळ्यावरून दुसरी बॅग काढली.

अलिबागला आम्हाला दवाखान्याच्या मागंच क्वार्टर मिळालं. पहिल्याच सकाळी रेखा पांढऱ्या कपड्यांत ड्यूटीवर गेली. मी एकटाच. समोरच्या अंगणात नारळाच्या झावळ्या आणि वाळकी पानं पडली होती. हात शिवशिवले. मी खराटा घेतला आणि मन लावून कोपरान् कोपरा काढला. पलीकडच्या क्वार्टरच्या गॅलरीत एक बाई उभ्या राहून बघत होत्या.

"अहो दादा," त्या म्हणाल्या, "किती छान झाडता हो तुम्ही! नव्या सिस्टरांनी ठेवलंय ना तुम्हाला? त्यांचं झालं, की आमच्याकडे पण येत जाल का रोज?"

क्षणभर माझ्यातला एम.ए. उसळला. पाठोपाठ बी.एड.ही उसळला. मी खराटा थांबवला, पाठ ताठ केली, बाईंच्या डोळ्याला डोळा भिडवला आणि विचारलं,

"पर्मनंट हाय का?"