सही न केलेला करार

परवा एका दुकानात लिंबाच्या रूम फ्रेशनरचा वास आला आणि परदेशी कामं लावून देणाऱ्या एजंटचं ठाण्यातलं थंडगार ऑफिस आठवलं. मी वेल्डर, युरोपातल्या एका जहाज कारखान्यात काम मिळत होतं. सोबत वडील आलेले. "कंत्राटदार म्हणून जा," एजंट म्हणाला, "पैसे जास्त मिळतील. कर तेवढा तुमचा तुम्ही भरायचा." मी विचारलं, "आणि काम करताना भाजलं तर?" "तेही तुमचं तुम्हीच बघायचं." वडिलांचा हात डोंबिवलीच्या कारखान्यात भाजलेला, ते कंत्राटी, म्हणून मालकाने दवाखान्याचा खर्च नाकारला होता. तरी तेच हळूच म्हणाले, "सही कर गं, अशी संधी पुन्हा यायची नाही." मी एजंटला सांगितलं, "कंपनीने नोकरीवर घेतलं, विमा काढला, तरच जाईन." "बाहेर बरेच जण थांबलेत, मॅडम." "मग त्यांना पाठवा," म्हणत मी उठले. आम्ही रिक्षाने कोपरीला घरी आलो. तिथे वडील आईला म्हणाले, "तेव्हा मीही असंच बोलायला हवं होतं." ते काम गेलं ते गेलंच, पुढे बरेच दिवस मी कल्याणला खिडक्यांच्या ग्रिल जोडत होते. आता परदेशातच आहे, पण पगारावर. कर कापूनच पैसे हातात येतात, म्हणून सोबतचे कंत्राटदार मला हसतात. हसू देत.